अकाबा येथील खान : इजिप्तच्या हज मार्गावरील एक मध्ययुगीन सराय

प्रस्तावना

मध्ययुगीन सराईंचा अभ्यास बहुधा व्यापाराच्या अंगाने केला जातो. यात्रामार्गावरील सराईचे स्वरूप मात्र काहीसे वेगळे असते. तिचा उपयोग प्रामुख्याने वर्षातून दोनदा, काफिला जाताना आणि परतताना होतो. तरीही तिची देखभाल वर्षभर करावी लागते. हा भार कोणी आणि कशासाठी उचलला, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात जॉर्डनमधील अकाबा येथील खानाच्या आधारे केला आहे.

मार्गाची पार्श्वभूमी

तांबड्या समुद्राच्या ईशान्य टोकाशी वसलेल्या या स्थानाचे जुने नाव अयला. ‘अकाबा’ या शब्दाचा अर्थ अवघड चढ-उताराचा घाट असा आहे. सिनाईचे वाळवंट ओलांडून आलेल्या यात्रेकरूंना हा घाट उतरूनच किनारा गाठावा लागे. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे दोनशे वर्षे इजिप्तचे यात्रेकरू या वाटेने फारसे जात नसत. ते नाईल नदीने दक्षिणेस कूसपर्यंत जाऊन वाळवंटमार्गे ऐधाब बंदर गाठत व तेथून समुद्र ओलांडून जिद्द्यास उतरत. इ.स. १११६ मध्ये क्रुसेडरांनी अयला ताब्यात घेतल्याने खुष्कीची वाट अधिकच असुरक्षित झाली. इ.स. ११७० मध्ये सलाहुद्दीनने हा प्रदेश परत मिळवला. परंतु खुष्कीच्या हज मार्गाचे खरे पुनरुज्जीवन तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मामलुक सुलतान बैबर्सच्या काळात झाले.

कैरो ते मक्का हा प्रवास चार भागांत विभागलेला असे. त्यांपैकी पहिला भाग अकाब्यास संपे. येथे गोडे पाणी व खजुराच्या बागा होत्या. काफिला काही दिवस मुक्काम करी व बाजार भरे. परतीच्या प्रवासासाठी लागणारे धान्य आणि उंटांचा चारा येथेच ठेवून यात्रेकरू पुढे निघत. म्हणजेच अकाब्याचा खान हा निवारा होता, तसाच विश्वासाने ठेव ठेवण्याचे कोठारही होता.

खानाची उभारणी

प्रवेशद्वारावरील शिलालेखानुसार हा खान सुलतान कानसूह अल-घौरी याच्या आज्ञेने हिजरी ९२० म्हणजे इ.स. १५१४-१५ मध्ये उभारला गेला. काम अमीर खायिर बेग अल-अलाई याच्या देखरेखीखाली झाले. समकालीन इतिहासकार इब्न इयास यानेही सुलतानाच्या बांधकामांत या खानाचा व त्यातील कोठारांचा निर्देश केला आहे. वास्तू साधारण चौरस असून तिची प्रत्येक बाजू साठ मीटरांच्या आत आहे. कोपऱ्यांना बुरूज, मध्ये मोकळे अंगण व भोवती खोल्या अशी तिची रचना आहे.

या काळी सुलतानापुढे दोन संकटे होती. हिजाझमधील कलह आणि बदाउनी टोळ्यांचे हल्ले यांमुळे काफिल्यांची सुरक्षितता धोक्यात आली होती. दुसरे संकट पोर्तुगीजांचे. इ.स. १५०८ मध्ये सुलतानाच्या आरमाराने आपल्या कोकणातील चौल येथे पोर्तुगीजांचा पराभव केला. पण पुढच्याच वर्षी दीव येथे ते स्वतः पराभूत झाले. इ.स. १५१३ मध्ये अल्बुकर्कने थेट तांबड्या समुद्रात प्रवेश केला. अशा वेळी पवित्र शहरांचा रक्षक हा आपला लौकिक टिकवणे सुलतानास आवश्यक होते. खानाला बुरुजांची जोड का दिली गेली, याचे उत्तर या परिस्थितीत शोधावे लागते.

शिलालेख आणि उत्खनन

घेंट विद्यापीठाचे जॉनी डी म्यूलेमेस्टर व कार्डिफ विद्यापीठाचे डेनिस प्रिंगल यांच्या नेतृत्वाखाली एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथे उत्खनन झाले. त्यातून सध्याच्या वास्तूखाली त्याआधीच्या खानाचे अवशेष मिळाले. शिलालेख खोटा नाही. पण तो संपूर्ण इतिहासही नाही. आश्रयदात्याचे नाव कोरणे हे त्याचे प्रयोजन असते, आधीच्यांचे ऋण नोंदवणे हे नव्हे. केवळ शिलालेखावर विसंबले असते, तर या स्थळाचा मागचा इतिहास अज्ञातच राहिला असता.

उत्तरकाळ

इ.स. १५१६ मध्ये मर्ज दाबिकच्या लढाईत सुलतान मारला गेला आणि पुढील वर्षी इजिप्त उस्मानी साम्राज्यात विलीन झाले. राजवट बदलली तरी खान ओस पडला नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिसऱ्या मुरादच्या काळात त्याची पुनर्बांधणी झाली. टोळ्यांना दरवर्षी ठराविक रक्कम देऊन वाट सुरक्षित ठेवण्याची पद्धतही चालू राहिली. इ.स. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यानंतर आगबोटीचा प्रवास अधिक सोयीचा ठरला व १८८० च्या दशकात इजिप्तच्या काफिल्याने ही वाट सोडली. पुढे ६ जुलै १९१७ रोजी अरब बंडाच्या सैन्याने अकाबा जिंकले. प्रवेशद्वारावरील हाशिमी राजचिन्ह त्याची आठवण देते.

निष्कर्ष

अकाब्याच्या खानाची उभारणी केवळ धर्मभावनेतून झाली नाही, तशी केवळ राजकारणातूनही नाही. यात्रेकरूंची गरज आणि राजसत्तेची प्रतिष्ठा जोवर एकाच वाटेवर होत्या, तोवर खान टिकला. राजवटीच्या बदलाने तो संपला नाही, वाट बदलल्याने त्याचे मूळ प्रयोजन संपले. सराईच्या इतिहासात बांधणाऱ्याच्या नावाइतकेच महत्त्व तिचा वापर करणाऱ्यांना दिले पाहिजे, हेच या अभ्यासातून स्पष्ट होते.