मतदार नोंदणी व पक्षसंलग्नता, तासगाव
तासगाव-कवठेमहांकाळ हा सांगली जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ (क्र. २८७). येथील मतदारयादीत नाव, वय, लिंग, नात्याचे नाव, घर क्रमांक आणि ओळखपत्र क्रमांक असतो. पक्षाचा रकाना भारतात कुठेच नाही. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत मात्र मतदार नोंदणीच्या वेळीच पक्ष लिहून देतो, आणि काही राज्यांत त्याशिवाय पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देता येत नाही. टेक्ससमध्ये असा रकाना नाही. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही.

भारतात अठरा वर्षे पूर्ण झालेल्याने नोंदणीसाठी नमुना ६ भरायचा, पत्ता बदलल्यास नमुना ८. पडताळणी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) करतो. २०२२ पासून वयाच्या अर्हतेसाठी वर्षातून चार तारखा धरतात. पक्षाचे सदस्यत्व ही पक्षाच्या दफ्तरातली बाब.

सरकारी यादीत नसलेला रकाना कार्यकर्ते पेन्सिलीने भरतात : आपला, त्यांचा, काठावरचा. इथे निष्ठा चिन्हापेक्षा गटाशी, ‘आबा’ (आर. आर. पाटील) की ‘काका’ (संजयकाका पाटील). आर. आर. पाटील १९९० मध्ये काँग्रेसकडून निवडून आले, १९९९ पासून राष्ट्रवादीकडून; चिन्ह बदलले तरी तासगावने त्यांना सोडले नाही. भाजपचे माजी खासदार संजयकाका पाटील २०२४ मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीतून विधानसभेला उभे राहिले. आबांचे पुत्र, शरद पवारांच्या पक्षाचे रोहित पाटील विजयी झाले.