पुसलेल्या फिती, उरलेला आवाज



मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावरच्या कॉम्प्युटरमधली जागा भरली. नवीन रेकॉर्डिंग साठवायला वावच राहिला नाही. तेव्हा कामाला नव्यानं लागलेल्या मुलीनं मला विचारलं, "ताई, जुने कार्यक्रम काढून टाकू का? ते आता कोण ऐकणारंय?"

तिचं काही चुकलं नव्हतं. जागा कमी, काम रोजचं. पण मी म्हटलं, थांब. हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी लंडनमध्येही पडला होता. तिथं त्याचं काय उत्तर दिलं गेलं, त्याची गोष्ट आज तुम्हाला सांगते.

इंग्लंडमध्ये बीबीसी नावाची मोठी रेडिओ आणि टीव्हीची संस्था आहे. 23 नोव्हेंबर 1963 रोजी तिच्या टीव्हीवर 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू झाली. एक डॉक्टर पेटीसारख्या यंत्रात बसून कोणत्याही काळात आणि कोणत्याही ग्रहावर जातो, असा तिचा विषय. तिची निर्माती होती व्हेरिटी लँबर्ट, अवघ्या 27 वर्षांची. त्या काळी बीबीसीच्या नाटक विभागात दुसरी बाई निर्माती नव्हती. पहिली कथा दिग्दर्शित केली वारिस हुसेन यांनी. ते तेव्हा 24 वर्षांचे होते आणि त्यांचा जन्म आपल्या लखनौचा. त्यांच्या आई अतिया हुसेन लेखिका होत्या. बीबीसीच्या रेडिओवर त्या हिंदुस्थानी श्रोत्यांसाठी कार्यक्रम करत. म्हणजे तुमच्यामाझ्यासारखी माईकपुढं बसणारी बाई या गोष्टीतही आहे.

मालिका फार गाजली. पहिल्या सहा वर्षांत तिचे 253 भाग झाले. आणि त्यातले शंभराच्या जवळपास भाग आज कुठंच पाहायला मिळत नाहीत. आग लागली नाही, पूर आला नाही, चोरीही झाली नाही. ज्यांनी ते बनवले त्यांच्याच घरात ते पुसले गेले.

हे कसं झालं? तेव्हा कार्यक्रम साठवायची फीत दोन इंच रुंद आणि फार महाग असायची. ती पुसून पुन्हा वापरता यायची. आपण डबा धुऊन त्यात दुसरं धान्य भरतो, तसंच. कलाकारांच्या संघटनेशी करार होता, त्यामुळं जुना भाग पुन्हा पुन्हा दाखवता येत नव्हता. घरी सिनेमा विकत आणून पाहायची सोय अजून आलेली नव्हती. मग जुनी फीत ठेवून करायचं काय, असा विचार झाला.

पुसण्याआधी बऱ्याच भागांची एक नक्कल मात्र निघाली होती. चांगल्या टीव्हीच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावून 16 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्र उतरवायचे. या फिल्मच्या प्रती परदेशातल्या टीव्ही केंद्रांना विकल्या जायच्या. एका देशात दाखवून झालं की काही वेळा तेच डबे पुढच्या देशात जायचे. पुढं रंगीत टीव्ही आला, काळ्यापांढऱ्या कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा 1970 च्या दशकात विक्री विभागानं फिल्मही टाकून द्यायला सुरुवात केली.

इथं खरी मेख आहे, बायांनो. फिती एका विभागाच्या ताब्यात, विक्रीच्या फिल्म दुसऱ्याच्या ताब्यात आणि फिल्मचं ग्रंथालय तिसरंच. सगळं जपून ठेवायची जबाबदारी कुणा एकावर नव्हती. ही म्हणे ती ठेवेल, ती म्हणे ही ठेवेल. आपल्या गटात हिशोबाची वही अशीच हरवते ना?

1978 च्या सुमाराला हे थांबलं. काय ठेवायचं आणि काय नाही, हे ठरवायला बीबीसीनं पहिल्यांदाच स्वतंत्र माणूस नेमलं. त्या होत्या सू माल्डन. काय काय गेलंय, हे समजून घ्यायला त्यांनी नमुना म्हणून हीच मालिका घेतली आणि एकेका भागाचा माग काढला. तोवर बरंच हातचं गेलं होतं. पण शोध सुरू झाला आणि डबे सापडू लागले.

ते कुठं कुठं सापडावेत? 1983 मध्ये लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात दोन भाग मिळाले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमधून एका कथेचे चारही भाग परत आले. 1999 मध्ये न्यूझीलंडमधल्या एका फिल्म जमवणाऱ्याकडं एक भाग निघाला. 2013 मध्ये नायजेरियातल्या जोस या गावातल्या टीव्ही केंद्रातून हरवलेले नऊ भाग मिळाल्याचं जाहीर झालं. आणि ऑस्ट्रेलियातला प्रकार तर ऐकाच. तिथल्या सेन्सॉरनं मुलांना भीती वाटेल म्हणून काही दृश्यं कापली होती. ते तुकडे सरकारी दप्तरात जपून राहिले. पूर्ण भाग गेले, पण दाखवायचं नाही म्हणून कापलेलं तेवढं उरलं!

सापडलेली फिल्म काही नव्यासारखी नसते. ओरखडे असतात, धूळ असते. शिवाय ती नकलेची नक्कल. मूळ फितीवर सेकंदाला 50 वेळा चित्र बदलायचं, त्यामुळं माणसं खरोखर समोर चालताहेत असं वाटायचं. फिल्मवर सेकंदाला 25 च चित्रं, म्हणून हालचाल तुटक दिसते. मग तंत्रज्ञांनी एकेक चित्र साफ केलं आणि मधली चित्रं संगणकानं भरून काढली, तेव्हा जुना प्रवाहीपणा परत आला.

रंगाची गोष्ट याहून नवलाची. 1970 नंतरचे काही भाग मुळात रंगीत होते, पण उरली फक्त काळीपांढरी फिल्म. काही भाग अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी टीव्हीवरून घरच्या यंत्रावर उतरवून घेतले होते. त्यांचं चित्र पुसट, पण रंग शाबूत. मग स्वच्छ चित्र फिल्मचं घेतलं, रंग घरच्या फितीचा घेतला आणि दोन्ही जुळवले. काही भागांची अशी घरची फीतही नव्हती. तिथं बीबीसीतल्या जेम्स इन्सेल यांच्या लक्षात आलं, की काळ्यापांढऱ्या फिल्मवर अगदी बारीक ठिपके दिसतात. नक्कल करताना रंगाच्या लहरी गाळल्या गेल्या नव्हत्या, त्यांचीच ती खूण होती. त्या ठिपक्यांवरून संगणकाच्या मदतीनं मूळ रंग काढता आले. ज्याला दोष समजून पुसायला जावं, त्यातच रंग लपला होता.

आता आपल्या कामाची गोष्ट. ज्या भागांचं चित्र कायमचं गेलं, त्यांचा आवाज मात्र उरलाय. एकूण एक भागाचा! तो बीबीसीनं ठेवलेला नाही. तेव्हाच्या प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर, कुणी कुणी तर टीव्हीसमोर नुसता माईक ठेवून, तो टिपला होता. त्यांना ना कुणी सांगितलं होतं, ना कुणी पैसे दिले होते. आवडलं म्हणून त्यांनी ते ठेवलं. आज त्या आवाजावर नवी चित्रं काढून गेलेले भाग पुन्हा उभे केले जातात. 2006 मध्ये एका कथेचे हरवलेले दोन भाग पहिल्यांदा असे तयार झाले.

लखनौच्या वारिस हुसेन यांनी 1964 मध्ये मार्को पोलोच्या प्रवासाची कथा केली होती. सात भागांपैकी सहा त्यांचे. त्या सातही भागांचं चित्र हरवलंय. पण जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार टीव्ही चालू असताना पडद्याचे फोटो काढत आणि ते कलाकारांना, दिग्दर्शकांना विकत. हुसेन यांनी आपल्या सहा भागांचे फोटो घेतले होते आणि ते त्यांच्याकडं जपून राहिले. आज ती कथा कशी दिसत होती हे कळतं, ते मुख्यतः त्या फोटोंमुळं. ज्या भागाचे दिग्दर्शक दुसरे होते, त्या चौथ्या भागाचे असे फोटो नाहीत.

आपल्याकडंही हे झालंय. 1931 चा 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट आज पाहायला मिळत नाही. आणि जपल्याचं उदाहरणही आपल्याच मातीतलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जाती थांबली, पण ओव्या राहिल्या, कारण कुणीतरी वेळेवर त्या लिहून घेतल्या, काही रेकॉर्डही केल्या.

तर आमच्या केंद्रावर आम्ही काय ठरवलं, ते सांगते. जुना कार्यक्रम काढायचा असेल, तर आधी त्याची नक्कल दोन वेगळ्या जागी ठेवायची. एक केंद्रात, एक गटातल्या कुणाच्या तरी घरी. प्रत्येक नकलेवर बोलणारीचं नाव, गाव आणि तारीख लिहायची. हे काम एकीच्याच नावावर ठेवायचं आणि तिनं वर्षातून एकदा सगळं लावून ऐकायचं. खरखर आहे म्हणून काहीही टाकायचं नाही.

तुमच्याही मोबाईलमध्ये कुणाच्या सासूच्या ओव्या असतील, कुणाच्या आईनं सांगितलेली दुष्काळाची आठवण असेल, गटाच्या पहिल्या बैठकीचं बोलणं असेल. 'मेमरी फुल' असं दिसलं की बोट आधी तिकडंच जातं. आज रात्री जेवणं झाली की एकदा ते उघडून ऐका आणि त्याची नक्कल दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.