आंबील ताकात धरायची की जेवणात?

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, भालकीजवळच्या शेतात बसलो होतो. कडब्याची कोप, आत मांडलेले पाच पांडव, पुढ्यात भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. मामांनी मोबाइलवर ५५ मिनिटांचा गजर लावला आणि मगच पहिला घास घेतला. गजर वाजला तसा हात धुतला. तासाभरानं मामींनी आंबिलीचा गडू पुढं केला आणि मामा अडले. दोन जेवणांच्या मधे पातळ ताक चालतं, पण आंबिलीत ताकाबरोबर ज्वारीचं पीठही शिजलेलं असतं. मग ही ताकात धरायची की जेवणात?

"येळवस वर्षातून एकदा येती. तुमचं डाएट दर सोमवारी नवं येतंय," मामी म्हणाल्या.

खोटं नव्हतं. दोन वर्षांतलं मामांचं हे चौथं. आधी दर दोन तासांनी खाणं झालं, मग पहाटे कोमट पाण्यात मध-लिंबू, मग भाकरी बंद, आणि आता गजर. प्रत्येक वेळी चार किलो गेले आणि दिवाळीला पाहुण्यांसारखे परत आले.

५५ मिनिटांचं हे गणित आमच्याकडं लातूर-उदगीरकडून आलं. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. कडक भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा, ५५ मिनिटांत उरका, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, हे त्यांचं सूत्र. खाल्लं की इन्शुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हे त्यामागचं कारण. या विचाराचं श्रेय ते नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. वीसेक पदव्या मिळवलेला हा माणूस २ जून २००४ ला मोटार अपघातात गेला. जिचकारांची भाषणं दीक्षितांनी पुढं नेली, भाषणांची ध्वनिफीत झाली, ध्वनिफितीचा व्हॉट्सअॅप झाला आणि तो भाषेची सीमा न बघता बीदर-कलबुर्गीत शिरला. वाटेत साडेचार किलोमीटर कुठंतरी सांडले. मामांपर्यंत पोचला तो गजर.

याच्या नेमकं उलट टोक मुंबईचं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं पहिलं पुस्तक २००९ चं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांच्या सल्ल्यानं खाणाऱ्या करीना कपूरच्या 'टशन'मधल्या 'साइज झीरो'ची देशभर चर्चा झाली होती. उठल्यावर लगेच काही खा, मग दर दोन तासांनी थोडं थोडं, असं त्यांचं म्हणणं. यातलं 'दर दोन तासांनी' मामांना पाठ होतं. 'थोडं थोडं' हे मामींनाच माहीत होतं.

भाकरी बंद करण्याचं खूळ मात्र आपल्याकडचं नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा, राजघराण्यासाठी शवपेट्या बनवणारा गृहस्थ होता. कान दाखवायला डॉ. विल्यम हार्वींकडं गेला. हार्वींनी पॅरिसला क्लोद बर्नार यांची यकृत आणि मधुमेहावरची व्याख्यानं ऐकली होती. त्यांनी पाव, साखर, बटाटा, बिअर बंद केली. बँटिंग बारीक झाला आणि १८६३ मध्ये त्यानं लठ्ठपणावर एक पुस्तिका काढली. ती इतकी खपली की स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही 'बांता' म्हणतात. मात्र बँटिंग दिवसातून चारदा जेवत होता! नाश्ता सोडा हे सांगणारा वेगळाच, अमेरिकेतला डॉ. एडवर्ड ड्युई, १९०० मधला. जोहान्सबर्गमध्ये गांधीजींनी मँचेस्टरच्या नाश्ताबंदी मंडळाबद्दल वाचलं आणि नाश्ता सोडून पाहिला. त्यांना डोकेदुखी घालवायची होती; वजनाचा प्रश्नच नव्हता.

मध-पाण्याची गोष्ट मला सगळ्यात मजेची वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला २१ वा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश माणसांवर आहे. स्थूलासाठी तिथं मध आहे, जव आहे, त्रिफळा आहे. पण त्याच संहितेत तापवलेला मध घातक म्हटला आहे. म्हणजे पहाटेचा कोमट प्याला चरकाच्या नावावर खपतो आणि चरकालाच मोडतो. त्याच अध्यायात व्यायाम, जागरण, चिंतन क्रमाक्रमानं वाढवायला सांगितलं आहे. पुढं जाहिरातीत हे 'क्रमाक्रमानं' गेलं आणि 'तीस दिवसांत' आलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, तेव्हाच्या कल्याणीला, चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ तयार झाला. त्याच्या अन्नभोगात मांडे आहेत, पोळ्या आहेत, इडली-डोशांचे पूर्वज आहेत, भाजलेले शेतातले उंदीरसुद्धा आहेत. राजाला गजर लावावा लागत नव्हता. पण त्याच ग्रंथात मल्लांचा खुराक आणि त्यांची मेहनत शेजारी शेजारी येतात. आमच्या आजोबांचंही तसंच. न्याहारीची भाकरी औतामागं जिरायची. आता औताच्या जागी ट्रॅक्टर आला आणि मामांचा दिवस कृषी सेवा केंद्राच्या खुर्चीत जातो.

राहिला काटा. उंचीला वजनाशी जोडणारं सूत्र बेल्जियमच्या संख्याशास्त्रज्ञ क्वेटलेचं, १८३० च्या दशकातलं. तो माणसांच्या समूहाची सरासरी शोधत होता. १९७२ मध्ये अॅन्सेल कीज यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे फोटो शेजारी छापले. दोघांचाही हा निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडं सडपातळ माणसालाही मधुमेह का होतो, याचा एक धागा तिथं आहे. मामांचा काटा हे सांगत नाही. तो फक्त चार किलो सांगतो.

मामांनी शेवटी आंबील प्याली, दोन गडू. बरं झालं, कारण आदल्या आठवड्यात नाश्ता सोडून मधुमेहाची गोळी घेतली होती आणि दुकानातच हातपाय थरथरून घाम फुटला होता. योजना सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या, हे खुद्द दीक्षित सांगतात. ते व्हॉट्सअॅपवर आलं नव्हतं. तुम्हाला मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर एका वेळचं खाणं सोडण्याआधी ती गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तेवढं विचारा.