व्हॅनिलाचा सुगंध आणि एडमंड

शहरातल्या दुकानातून आइस्क्रीम घेतले, की त्याला व्हॅनिलाचा गोड वास येतो. तो वास बहुधा वेलीवरच्या शेंगेचा नसतो. व्हॅनिलिन नावाच्या द्रव्याचा तो वास, आणि आज हे द्रव्य मुख्यतः खनिज तेलापासून कारखान्यात तयार होते. पण या वासाच्या इतिहासात एका गुलाम मुलाचा हात आहे. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

व्हॅनिला हा मूळचा मेक्सिकोचा वेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचांनी तो हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर नेऊन लावला. वेल फोफावला, फुलला; पण शेंग काही धरेना! असे का व्हावे? तर या फुलात पराग आणि स्त्रीकेसर यांच्या मधोमध एक पातळ पडदा असतो, आणि फूल जेमतेम एक दिवस टिकते. १८३६ साली बेल्जियममध्ये मॉरेन या शास्त्रज्ञाने हाताने परागीभवन करून शेंगा धरविल्या खऱ्या. पण त्यावर मळे काही उभे राहिले नाहीत.

१८४१ मध्ये रियुनियनच्या सेंट सुझान गावी एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलामाने बारीक काडीने तो पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग आत दाबला. बस्स, एवढेच! शेंगा धरल्या, बेटाचा व्यापार वाढला, आणि आजही मळ्यांतून फुलागणिक हेच काम हातानेच करतात.

१८४८ साली गुलामगिरी संपली. एडमंडला आल्बियस हे आडनाव मिळाले. धन मात्र दुसऱ्यांच्या पदरी पडले. पुढे रिशार नामक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणू लागला, की ही रीत मीच शिकविली. तेव्हा एडमंडचा पूर्वीचा मालक बेलिए-बोमाँ यानेच लिहून कळविले, की शोध एडमंडचाच. तरीही १८८० मध्ये तो दारिद्र्यातच वारला.

हिरव्या शेंगेला हा वास नसतो बरे का. ती गरम पाण्यातून काढून, उबेत घामवून, कित्येक महिने सुकवावी लागते. तेव्हा साखरेशी जखडलेले व्हॅनिलिन मोकळे होते. १८५८ साली गोब्ले या फ्रेंच माणसाने ते शुद्ध रूपात वेगळे केले. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनज्ञांनी ते सूचिपर्णी झाडांच्या रसातील द्रव्यापासून बनविले. पुढे लवंगेचे तेल आणि कागद गिरण्यांचे टाकाऊ पाणीही त्या कामी आले. वास स्वस्त झाला, घरोघर पोचला.

शिक्षकबंधूंना एकच विनंती. परागीभवनाचा धडा घेताना फळ्यावर फुलाची आकृती काढाल, तेव्हा मॉरेनच्या नावाशेजारी एडमंडचेही नाव लिहा. मुले विचारतील, हा कोण? मग सांगा.