एक्सएसएलटी रूपांतर का रखडते?

एक्सएमएल दस्तऐवजातील माहितीला वेबपानाचे, छापील पत्रकाचे किंवा वेगळ्या रचनेच्या एक्सएमएलचे रूप देण्यासाठी एक्सएसएलटी ही भाषा वापरली जाते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिच्या पहिल्या आवृत्तीला १६ नोव्हेंबर १९९९ रोजी मान्यता दिली. शंभर नोंदींच्या चाचणीत क्षणार्धात होणारे रूपांतर प्रत्यक्ष कामात रेंगाळू लागले, की संगणकाला बोल लावला जातो. दोष मात्र बहुधा स्टाइलशीटमध्येच असतो.

त्यातही नेहमीचे कारण म्हणजे दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा एक्सपाथ. ‘संपूर्ण दस्तऐवजात शोधा’ असा त्याचा अर्थ. दहा हजार मागण्यांपैकी प्रत्येकीचा ग्राहक दहा हजार ग्राहकांच्या यादीतून अशा रीतीने शोधायचा, तर १० कोटी तपासण्या होऊ शकतात. दोन्ही याद्या दुप्पट झाल्या, की काम चौपट होते. पुस्तकाच्या अखेरीस असते तशी सूची बांधून देणारी ‘की’ ही सोय पहिल्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. ती वापरल्यास यादी एकदाच चाळावी लागते. नोंदींची गटवारी करण्याची ‘म्युएंचियन’ पद्धतही याच सोयीवर उभी आहे. २००७ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत गटवारीसाठी स्वतंत्र आज्ञा मिळाली.

काही वेळा रूपांतर सुरू होण्याआधीच अडते. दस्तऐवजात नमूद केलेली डीटीडी फाइल प्रक्रियक दर वेळी इंटरनेटवरून मागवीत असतो. अशा अनावश्यक मागण्या दिवसाला १३ कोटींपर्यंत पोहोचल्याची तक्रार कन्सॉर्शियमनेच २००८ मध्ये केली होती. डीटीडीची प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवून कॅटलॉगमध्ये तिची नोंद करणे हा त्यावरील उपाय होय.

रूपांतर ‘यशस्वी’ होते, पण खुणा नाहीशा होऊन नुसता मजकूर सांडतो, हा प्रकार अधिक फसवा. येथे प्रथम नेमस्पेस तपासावा. मूळ दस्तऐवजात तो घोषित असेल आणि स्टाइलशीटमध्ये उपसर्गाविना नाव लिहिले असेल, तर पहिल्या आवृत्तीत एकही टेम्प्लेट जुळत नाही. त्रुटीचा संदेशही येत नाही, कारण अंगभूत नियम निमूटपणे मजकूर पुढे ढकलतात.

स्वतःलाच हाक मारणारे टेम्प्लेट खोलीची मर्यादा ओलांडून कोसळले, तर ती मर्यादा वाढविण्यापूर्वी थांबण्याची अट पाहणे शहाणपणाचे. मेमरी संपण्याचे कारण निराळे असते. साधारणपणे संपूर्ण दस्तऐवजाचा वृक्ष मेमरीत उभारला जातो आणि तो फाइलच्या कित्येक पट जागा व्यापतो. २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत दस्तऐवज प्रवाहाप्रमाणे वाचण्याची तरतूद आहे, परंतु ती मोजक्याच प्रक्रियकांत आढळते.

तर्क लढविण्याआधी मोजमाप करावे. ‘एक्सएसएलटीप्रॉक’ला ‘प्रोफाइल’ हा पर्याय दिल्यास कोणत्या टेम्प्लेटने किती वेळ खाल्ला, याचा तक्ता मिळतो.