हौदा व गादी
हौदा व गादी : कुस्तीच्या या दोन भूमी. मल्लाचा दम, त्याची ताकद व त्याच्या दुखापती या दोहोंवर निरनिराळ्या रीतीने घडतात. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे स्वतंत्र विभाग असून त्यांचे विजेते अंतिम लढतीत भेटतात. कुंडलिका नदीने जुना व नवा असे भाग पाडलेल्या जालना शहरी डिसेंबर २०१८ मध्ये ही स्पर्धा झाली. तीत माती विभागातून आलेले बुलढाण्याचे बाला रफिक शेख यांनी गादी विभागातील, आदल्या वर्षीचे विजेते अभिजित कटके यांना हरविले.

तालमीतील हौद्याची तांबडी माती चाळून तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस इ. मिसळतात. ती वरचेवर उकरावी लागते आणि खोऱ्याने माती ओढणे हाच खांदे, पाठ व कंबर यांचा व्यायाम ठरतो. जोर-बैठका निराळ्याच. भुसभुशीत मातीत पडणारे शरीर क्षणभर उशिरा थांबते, त्यामुळे आघाताचा जोर ओसरतो. पाऊल थोडे सरकत असल्याने गुडघ्यावरील पीळही सैल पडतो. माती सुकून घट्ट झाली, की हा गुण नाहीसा होतो. कानांचे रक्षण मात्र मातीनेही केले नाही. वारंवार घासल्याने कानाची त्वचा व कूर्चा यांमध्ये रक्त साचते. ते वेळीच न काढल्यास कान कायमचा चुरगळतो. तालमींत असा कान मल्लपणाची खूण म्हणून मिरविला गेला. वस्तुतः ती टाळता येण्याजोगी इजा होय.

गादी पाठीला सांभाळते, पण पायाला धरून ठेवते. बूट अडकून राहिला आणि धड वळले, तर सगळा पीळ गुडघ्याच्या अस्थिबंधांवर येतो. शिवाय मातीवरील कुस्ती पूर्वी चीतपट होईपर्यंत चाले. गादीवर २०१३ पासून तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांवर निकाल लागू शकतो. केवळ बैठकांच्या संख्येने कमावलेला दम येथे अपुरा पडतो. थोड्या विश्रांतीने पुनःपुन्हा केलेल्या वेगवान झटापटी व मांडीच्या मागील स्नायूंची बळकटी यांची जोड त्यास लागते. निव्वळ मातीवर वाढलेल्या मल्लास स्पर्धेच्या तोंडावर गादीवर उभे करणे, हा त्याच्या गुडघ्यांवर अन्यायच आहे.

गोळेश्वर (ता. कराड) येथील खाशाबा जाधव (१९२६–८४) १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा गादीचा सराव त्यांना जवळजवळ नव्हता; तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. पुढील चार वर्षांत त्यांनी गादीची तयारी केली आणि १९५२ मध्ये हेल्सिंकी येथे बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेथे एका लांबलेल्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना पुढच्या लढतीस उतरावे लागले, असे सांगितले जाते.