तारेआधीचे घर: मुदखेड परिसरातील स्वयंपूर्ण निवासाचा इतिहास

वीज कंपनीच्या तारेशी आणि नळाच्या जाळ्याशी न जोडलेले, आपला उजेड, आपले पाणी आणि आपली ऊब आपल्याच आवारात मिळवणारे घर ही कल्पना आज सौर पॅनलांच्या संदर्भात नवी म्हणून मांडली जात असली, तरी नांदेड जिल्ह्यातील मुदखेड आणि त्याच्या भोवतालच्या गोदावरी खोऱ्यातील गावांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याहून वेगळे घर क्वचितच आढळत असे. हा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 1956 मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर येथील खेड्यांच्या विद्युतीकरणाला गती मिळाली. तारेआधीचे हे घर कशावर चालत होते आणि ते चालवण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला येत होते, हे दोन प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय त्याच्या स्वयंपूर्णतेचे नीट मोल करता येत नाही.

मराठवाड्यातील जुन्या घराचा प्रमुख प्रकार म्हणजे माळवद, अर्थात मातीच्या सपाट छताचे घर. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंतींच्या आत लाकडी खांब उभे करून त्यांवर तुळया आणि आडवी लाकडे टाकत, त्यांवर पाल्याचा थर पसरत आणि त्याच्याही वर माती चोपून बसवत. सर्वांत वरचा थर पांढऱ्या मातीचा असे, कारण ती ओली झाल्यावर घट्ट होऊन पाणी खाली उतरू देत नाही. उजेड येण्यासाठी आणि धूर जाण्यासाठी छतात ठेवलेल्या भोकास साणे म्हणत, तर पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकणाऱ्या नळीस पन्हळ म्हणत. या रचनेचा खरा गुण उन्हाळ्यात कळत असे. जाड भिंती आणि मातीचा थर दिवसाची उष्णता हळूहळू शोषून घेत, त्यामुळे पारा चाळीस अंशांच्या वर गेला तरी दुपारी आतली हवा सोसवण्यासारखी राही; रात्री माळवदावर निजण्याची सोय असेच. उष्णतेचे हे नियमन कोणत्याही यंत्राशिवाय होत होते, आणि मराठवाड्याच्या हवामानात घर गरम ठेवण्यापेक्षा ते थंड ठेवणे हीच मोठी गरज असल्याने माळवदाची ही कामगिरी कमी लेखता येत नाही.

पाण्याची व्यवस्था घरागणिक वेगळी होती. देशमुखांच्या गढीत, म्हणजे तटबंदी असलेल्या वाड्यात, आणि ऐपतदार घरांच्या अंगणात आड असे. आड म्हणजे पायऱ्या नसलेली अरुंद विहीर, जिच्यातून रहाटावरून दोर सोडून पोहऱ्याने पाणी शेंदले जाई. शेताला पाणी देण्यासाठी मोट होती: बैलजोडी उतारावरून, म्हणजे धावेवरून, खाली चालत गेली की कातड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने वाफ्यांत जाई. या मोटेकडे जरा थांबून पाहिले म्हणजे स्वयंपूर्ण म्हटल्या जाणाऱ्या घराचे आतले धागे दिसू लागतात. मोटेचे कातडे कमावणारा ढोर, ती शिवणारा चांभार, तिला जोडलेला जाड दोर, म्हणजे नाडा, वळणारा मांग, चाक घडवणारा सुतार आणि त्याचा आस ठोकून देणारा लोहार हे सारे बलुतेदारीने त्या विहिरीशी बांधलेले होते, आणि वर्षाच्या खळ्यावर धान्याच्या रूपाने त्यांना मोबदला मिळत होता. म्हणजे घर कोणत्याही दूरच्या केंद्रावर अवलंबून नसले, तरी ते गावावर पूर्णपणे अवलंबून होते. ज्यांच्या हातच्या नाड्याने विहिरीचे पाणी वर येई, त्याच समाजाला सवर्णांच्या पाणवठ्याला हात लावण्याची मुभा नव्हती, ही गोष्ट या व्यवस्थेच्या कोणत्याही गौरवगाथेत गाळता कामा नये.

ऊब आणि स्वयंपाक यांसाठी लागणारे इंधन शेतातून आणि गोठ्यातून येई. कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या हा त्याचा मुख्य भाग होता. गोवऱ्या पावसात भिजू नयेत म्हणून त्या रचून वरून शेणाने लिंपलेला ढीग, ज्याला उडवा म्हणतात, बहुतेक परसांत असे. चुलीला जोडूनच वैल असे, म्हणजे मुख्य जाळावरून पुढे जाणारी धग वापरणारे दुसरे तोंड, ज्यावर आंघोळीचे पाणी वेगळे सरपण न घालता कोमट होत राही. पुढे तांब्याचा बंब आला, ज्याच्या मधल्या नळीत जाळ करून भोवतालचे पाणी तापवतात. इंधन फुकट असले तरी ते गोळा करणे, थापणे, वाळवणे आणि धुरात बसून जाळणे हे जवळजवळ सगळे काम बायकांचे होते.

उजेडाच्या बाबतीत मात्र घर सर्वांत आधी परावलंबी झाले. करडई आणि एरंडीचे तेल शेतातल्याच पिकाचे आणि गावच्या घाण्याचे होते, परंतु ते महाग पडे आणि त्याचा दिवा मंद असे. हैदराबादहून मनमाडकडे जाणारा मीटर गेज लोहमार्ग 1901 पर्यंत पूर्ण झाला, मुदखेड या मार्गावरील स्थानक आणि पुढे आदिलाबादच्या फाट्यामुळे जंक्शन बनले, आणि रॉकेल हा दूरदेशीचा माल रेल्वेने येथवर आणणे सोपे झाले. चिमणी आणि कंदील यांनी तेलाची पणती देवघरापुरती मागे टाकली. त्यामुळे वीज येण्याच्या कितीतरी आधी या घराचा एक धागा गावाबाहेरच्या पुरवठ्याला बांधला गेला होता, आणि स्वयंपूर्णता विजेच्या खांबाने मोडली हा समज पुरता खरा नाही.

विजेने जे बदलले ते प्रामुख्याने पाण्याचे. विहिरीवर विद्युत मोटार बसली आणि मोट अडगळीत गेली. 1972 च्या दुष्काळानंतर विंधण विहिरींचे, म्हणजे यंत्राने छिद्र पाडून केलेल्या कूपनलिकांचे, प्रमाण वाढत गेले. येथे मराठवाड्याने जगाला दिलेल्या एका साधनाची नोंद घेणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडेच त्याचा विसर पडला आहे. गावाच्या सार्वजनिक वापरात बिडाचे हातपंप वारंवार मोडत असल्याने जालना येथील मिशनने एकाच खिळीवर फिरणारा मजबूत पोलादी पंप तयार केला. त्यावरून सुधारणा होत सोलापूर पंप झाला आणि त्याच्या आधारावर 1970 च्या दशकात युनिसेफच्या सहकार्याने इंडिया मार्क 2 हा हातपंप घडला, जो आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला. कोणत्याही तारेवाचून आणि इंधनावाचून खोल पाणी वर आणणारे, शिवाय गावाच्या मालकीचे असे हे साधन माळवद आणि मोट यांच्या पंक्तीत बसवले पाहिजे.

तारेवरील विश्वास कायम राहिला नाही. बीड जिल्ह्यातील परळी येथे 1971 मध्ये औष्णिक वीज केंद्र सुरू झाले, परंतु कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या केंद्राला पाणी भरपूर लागते, आणि 2015 मध्ये पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या खेपेत दहा टाक्यांमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. या दोन घटना एकत्र ठेवल्या की पाण्याविना वीज नाही आणि विजेविना भूगर्भातले पाणी नाही ही गाठ स्पष्ट दिसते.

माळवदाचा शेवट मात्र विजेने केला नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली, आणि त्यांतील बहुतेक जण मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे जड छत कोसळल्याने दगावले. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छतावर मातीचा नवा थर चढवण्याची रीत घर कोरडे ठेवत होती; तीच रीत पिढ्यानुपिढ्या छताचे ओझे वाढवत गेली. भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली आणि सिमेंटचे पातळ छत सर्वत्र रुळले. ते भूकंपात अधिक सुरक्षित आहे, यात शंका नाही. परंतु त्याखालच्या खोलीत पंख्याशिवाय उन्हाळा काढता येत नाही, म्हणून सुरक्षिततेबरोबर विजेची गरजही घरात शिरली.

आजच्या सौर घराची सामग्री या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. गोबर गॅसचा प्रयोग खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने पुढे नेला, 1981-82 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आला, परंतु ट्रॅक्टरमुळे गोठ्यातील जनावरे घटली तेथे संयंत्रे बंद पडली. सौर बंब, म्हणजे उन्हाने पाणी तापवणारे छतावरील साधन, वैलाची जागा बऱ्यापैकी भरून काढतो. राज्य शासनाने 2024 मध्ये आणलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला पंपाच्या किमतीचा 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्याला 5 टक्के हिस्सा भरावा लागतो. मुदखेडच्या फुलशेतीला, जेथे गुलाब, काकडा आणि गलांडा यांना पाणी चुकवून चालत नाही, शेतीपंपांना रात्री मिळणाऱ्या थ्री फेज विजेच्या पाळीतून झालेली सुटका मोलाची आहे. परंतु बिल नसलेला पंप थांबवण्याचे कारणही शेतकऱ्यापाशी उरत नाही. 60 मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घालणारा 2009 चा भूजल अधिनियम कागदावर असला, तरी एका शेतातला उपसा शेजारच्या आडाला कोरडे करतो.

छताचा हिशोब मात्र आशादायक आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्षाला सुमारे 900 मिलिमीटर पावसाच्या नांदेड जिल्ह्यात 100 चौरस मीटरच्या सिमेंट छतावर 90 हजार लिटर पाणी पडते. पंचमांश वाया गेले तरी 72 हजार लिटर उरते, आणि माणशी 55 लिटर या जल जीवन मिशनच्या मानाने पाच जणांच्या कुटुंबाला ते साडेआठ महिन्यांहून अधिक पुरते. वीज एकट्या घराला आपल्यापुरती निर्माण करता येते, कारण सूर्य कोणाच्या वाट्याचा कमी होत नाही. भूजल मात्र सगळ्या शिवाराचे असते. म्हणून मुदखेड परिसरात असे घर उभारणाऱ्याने पॅनलांचे दर विचारण्यापूर्वी छताचे माप घ्यावे, टाकीची जागा ठरवावी आणि शेजाऱ्याच्या विहिरीत मे महिन्यात किती पाणी असते ते पाहून यावे.